सुरतेच्या पाद्रीबाबांना विचारा, पृथ्वी फिरते का?

वर बघा. पोटात ढवळतंय ते राहू द्या. सुवाळीच्या बंदरातून निघून तापीच्या मुखात शिरताना भल्याभल्यांचं असं होतं. डोलकाठीच्या टोकावर तो पोरगा दोर आवळतोय ना, त्याच्यावर नजर ठेवा. शिडात वारा भरलाय, मचवा सुसाट सुटलाय. आणि... सांभाळा! त्याच्या कमरेचा चाकू निसटला. तुम्ही दोन्ही हात डोक्यावर घेता, डोळे गच्च मिटता. खट्! उघडा डोळे. चाकू डोलकाठीच्या बुंध्याशी, फळीत रुतून उभा आहे.

तो खाली येत होता तेवढ्यात मचवा पुढे सरकला होता. मग चाकू मागे का नाही पडला? तांडेलाला विचाराल तर तो तुमच्याकडे बघतच राहील. वरून सुटलेलं बुंध्याशीच पडतं, जन्मभर तो हेच बघत आलाय. पण हा चाकू ध्यानात ठेवा. आज एका अंगणात तो लागणार आहे.

साल १६६६, जानेवारीतला रविवार. तुम्ही आज वसईचे सुतार आहात, जहाजांच्या कामातले. आई गोव्याकडची, सासष्टीची. तिच्या मांडीवर बसून तुम्ही क्रिस्तपुराणाच्या ओव्या ऐकल्यात. गळ्यात लाकडी क्रूस आहे, हाताला डांबराचा वास आहे आणि पोर्तुगीज तुम्हाला कामापुरतं येतं. एवढ्यावर सुरतेत निभावतं. आज मिस्सा चुकवायचा नाही, म्हणून तर पहाटेच्या भरतीबरोबर निघालात.

उतरा. पाय आधी चिखलात जातो. नदीच्या चिखलाला कुजकट खारा वास आहे, त्यात सुकट आणि डांबर मिसळलंय. नाकाला रुमाल लावायची सोय नाही, कारण हमालांचा लोंढा तुम्हाला ढकलत जकातघरात नेऊन सोडतो. तिथे कमरपट्टा सोडा. शहाबंदराचा माणूस सदऱ्याची एकेक शिवण चिमटीत धरून चाचपतो, पागोटं उलगडायला लावतो, तुमच्या रंध्याची पेटी पालथी करतो. मोती किंवा सोनं लपवून आणणाऱ्यांनी या लोकांना असं करून ठेवलंय. तुमच्याकडे काही निघत नाही, याचंच त्याला वाईट वाटतं.

बाहेर आलात की पहिला धक्का उन्हाचा नाही, धुळीचा. शहराची जुनी तटबंदी मातीची, जागोजागी ढासळलेली; तिच्या जागी विटांची नवी भिंत उभी राहतेय. गाढवांच्या पाठीवर विटा, बायांच्या डोक्यावर चुन्याची घमेली, चुनखडीचा फक्की धुरळा थेट घशात. तेवनो नावाचा एक फ्रेंच प्रवासी याच महिन्यात सुरतेत उतरलाय. या विटांच्या भिंतीची नोंद त्याने करून ठेवली आहे. भिंत कशासाठी, हे मराठी माणसाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी शिवाजी महाराज येऊन गेले. ती हकिकत तुम्ही शाळेत वाचली आहे, तिथे आपण थांबत नाही. जळक्या वाशांचा वास अजून काही गल्ल्यांत रेंगाळतोय, एवढं मात्र नाकाने टिपून घ्या.

चाला. सुरत श्रीमंत आहे, पण घरं बघून ते कळणार नाही. बहुतेक घरं बोरूच्या कुडाची, वरून शेणमातीचं लिंपण. चांगली बांधलेली घरं नऊ-दहाच असतील, असं ताव्हर्निए हा जवाहिऱ्या म्हणतो. श्रीमंती बघायची तर दुकानात शिरा. निळीच्या वड्यांचा उग्र दर्प, मिऱ्यांनी नाकात उठणारी झिणझिण, गुलाबपाण्याच्या कुप्या, भडोचच्या कापडाचे गठ्ठे. सराफ रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकतो. तुम्ही दोन केळी घेता, तर मोड म्हणून हातावर कडू बदाम पडतात! खाऊ नका, ते चलन आहे. इराणातून येतात, कडू असल्याने कुणी खात नाही, म्हणूनच पैशाखालची मोड म्हणून चालतात. मक्केला निघालेले यात्रेकरू, पांढऱ्या पागोट्याचे पारशी, आर्मेनियन व्यापारी, शिंगं रंगवलेले बैल, आणि या सगळ्यांवरून ओरडत जाणारा पाणक्या. तुमचा पाय दोनदा तुडवला जातो. कुणी माफी मागत नाही, आणि थांबून माफी मागण्याइतकी जागाही नाही.

आता एक गंमत करा. आज तारीख काय, असं विचारत चला.

वाणी चोपडी उघडून सांगतो: संवत १७२२, पौष वद्य. मोगलांचा कारकून म्हणतो, १०७६ सालचा रज्जब. पारशी गृहस्थ यज्दगर्दी १०३५ सांगतात. डचांच्या वखारीत २४ जानेवारी १६६६. चार पावलांवर इंग्रजांच्या वखारीत विचारा: १४ जानेवारी, आणि साल म्हणाल तर १६६५! त्यांचं नवं वर्ष २५ मार्चला लागतं, तोवर ते जुनंच साल लिहितात. महाराज सुरतेवर आले तो बुधवार इंग्रजांच्या वहीत ६ जानेवारी होता. पाद्रींच्या पंचांगाने तो १६ जानेवारी येतो.

हा दहा दिवसांचा फरक कुठून आला, हे कळलं तर आजची अर्धी गोष्ट कळली. ईस्टर कधी धरायचा हे चर्चला आकाशाकडे बघून ठरवावं लागतं: वसंत संपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. जुन्या रोमन पंचांगाचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी लांब होतं. ती अकरा मिनिटं साचत साचत संपात २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे घसरला. मग पोप तेरावे ग्रेगरी यांनी गणितज्ञ बसवले, त्यांत क्लाव्हिउस हा जेझुइट होता, आणि १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. इंग्रजांनी ते मानलं नाही, कारण ते पोपने केलं होतं. तेव्हा सुरतेत वर्षाचं गणित बरोबर कुणाचं, असं विचाराल तर उत्तर आहे पोपचं. यंदा योग असा की पाद्रींचा २५ एप्रिल आणि इंग्रजांचा १५ एप्रिल हा एकच रविवार आहे, दोघांचा ईस्टर त्याच दिवशी. पाद्रींच्या पंचांगात यापेक्षा उशिरा ईस्टर येऊच शकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दोघांत आठवड्याचं अंतर पडेल.

चला, घंटा वाजली.

कापुचिन पाद्रींचं घर चटकन ओळखू येतं, कारण ते युरोपातल्या घरांसारखं नीट बांधलेलं आहे आणि लगत देखणं चर्च आहे. बांधकामाला बराच पैसा आपणच दिला, असं ताव्हर्निए अभिमानाने लिहितो. पण जागेची खरेदी पाद्रींना आपल्या नावावर करता आली नाही. ती सीरियातल्या हलबहून आलेल्या चेलेबी नावाच्या मारोनी ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या नावे करावी लागली. हे घर लुटीत वाचलं. फिरंगी पाद्री सज्जन आहेत, त्यांना हात लावायचा नाही, असं महाराज म्हणाल्याचं बर्नियर या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवलंय. त्या वेळी इथले प्रमुख होते पाद्री आंब्रोज. अजूनही तेच आहेत. फिरंग्यांची आपसांतली भांडणं त्यांच्याकडे येतात, सुभेदारही त्यांचा मान ठेवतो.

आत या. जाड भिंतींमुळे गारवा आहे, पण माणसं दाटली की तोही संपतो. मेण, लोबान आणि घाम. शेजारी आर्मेनियन व्यापारी, त्यापलीकडे एक पोर्तुगीज शिपाई डोक्याला पट्टी बांधून उभा. पाद्री वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणताहेत. शब्द कळत नाहीत, लय ओळखीची आहे. खरखरीत तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी, छातीपर्यंत दाढी. या दाढीमुळे ते बाजारातही उपरे वाटत नाहीत.

मिस्सा संपला. दुपार चढली. अंगणात सावलीला बसा, घोटभर पाणी प्या. समोर एक तरुण पाद्री तुटकं बाक ठोकत बसलाय, आणि ते त्याला जमत नाहीये. हातोडी तुम्ही घ्या. त्याचं नाव मी देत नाही, कारण तो माझ्या मनातला आहे. त्याच्या तोंडचे मुद्दे मात्र त्या काळच्या ग्रंथांत आणि पत्रांत खरोखर सापडतात. खुंटी तासता तासता तुमचा लहानपणापासूनचा प्रश्न बाहेर पडतो.

“पाद्रीबाबा, देवाने सूर्य चौथ्या दिवशी केला. मग आधीचे तीन दिवस कशाचे?”

त्याला राग येत नाही. उलट तो सरसावून बसतो. “हा प्रश्न तुझ्याआधी बाराशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिनने विचारलाय, पोरा. त्याने उत्पत्तीच्या पुस्तकावर मोठा ग्रंथच लिहिला. ते दिवस आपल्यासारखे उगवत्या-मावळत्या सूर्याचे नसावेत, असं त्याचं मत होतं. आणखी एक तो फार कळकळीने सांगतो. आकाशाविषयी, ताऱ्यांच्या गतीविषयी धर्म न मानणाऱ्यालाही पक्कं ज्ञान असतं. त्याच्यासमोर पवित्र शास्त्राच्या नावाने ख्रिस्ती माणसाने भलतंच बोलू नये. एकदा तिथे आपण खोटे ठरलो की स्वर्गाविषयी आपलं कोण ऐकणार?”

क्रिस्तपुराण ज्यांनी रचलं ते पाद्री स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ साली गोव्याला पोचल्यावर त्यांनी वडिलांना जे पत्र धाडलं त्यात आकाशाचा, होकायंत्राचा आणि समुद्रावर पूर्व-पश्चिम अंतर ओळखता न येण्याच्या अडचणीचा विषय आहे. ज्या हाताने ते लिहिलं, त्याच हाताने उत्पत्तीची कथा मराठी ओवीत उतरवली. तुमच्या आईला ती ओवी पाठ होती. दिवसांचा हिशेब तिने कधी मागितला नाही. तुम्ही मागताय. बरं करताय.

आता मोठा प्रश्न काढा. जरा जपून, इकडेतिकडे बघून. पृथ्वी फिरते का?

पाद्री हातातला खिळा खाली ठेवतो. “रोमचा हुकूम आहे. गणितासाठी तसं धरून चालायला हरकत नाही, खरं म्हणून शिकवायचं नाही. गॅलिलिओचं काय झालं ते तुला ठाऊक असेल.” यहोशवाने सूर्याला ‘थांब’ म्हटलं आणि सूर्य थांबला, असं शास्त्रात आहे, सूर्य फिरतच नसेल तर थांबवला कुणाला? गॅलिलिओचं म्हणणं असं की शास्त्र सामान्य माणसाच्या बोलीत बोलतं. सूर्य उगवला, असं आपण म्हणतोच ना? देवाने तारणाची वाट दाखवायला ग्रंथ दिला, खगोलाचं गणित शिकवायला नव्हे. पण ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवलं होतं की श्रद्धा आणि नीतीच्या बाबतीत जुन्या आचार्यांच्या एकमताविरुद्ध कुणी आपल्या मनाने अर्थ लावू नये. पृथ्वीचं स्थिर असणं ही श्रद्धेची बाब आहे का, यावरच सगळं अडलं.

“तुम्हाला काय वाटतं?” तुम्ही विचारता.

“मला ती स्थिर वाटते. फिरत असती तर वरून टाकलेला दगड मागे नसता पडला?”

आता! चाकू काढा. म्हणजे खिशातून नव्हे, सकाळचा. मचवा सुटलेला, पोरगा वर, चाकू बुंध्याशी. सांगा त्याला.

तो ऐकतो, दाढी कुरवाळतो, आणि त्याचे डोळे चमकतात. कारण हे त्याने ऐकलंय. १६४० साली मार्सेयच्या बंदरात एका माणसाने वल्ह्यांनी वेगात चाललेल्या गलबतावर डोलकाठीवरून गोळा सोडायला लावला, आणि तो बुंध्याशीच पडला. जहाजाची गती गोळ्यात आधीच असते. तशीच पृथ्वीची गती आपल्यात. तो माणूस गासेंदी. तो कॅथलिक पाद्रीच होता. बर्नियर त्याचा शिष्य. सुरतेत उतरून दिल्लीला गेलेल्या या बर्नियरने दानिशमंद खान या मोगल उमरावाला गासेंदीचा विचार फारसीतून समजावून सांगितला. आज तो दूर बंगालमध्ये आहे, नाहीतर इथे बोलावला असता.

“म्हणजे फिरते?” तुम्ही हट्ट धरता.

“दगडामुळे ती फिरते असं सिद्ध होत नाही. ती फिरत असली तरी आपल्याला कळणार नाही, एवढंच सिद्ध होतं.” बरोबर बोलला. तेव्हाचा खरा पेच असाच होता, आणि आजचे बरेच लोक तो विसरतात. बोलोन्याचा जेझुइट रिचोली याने १६५१ साली पृथ्वीच्या गतीच्या बाजूचे आणि विरुद्धचे मिळून सव्वाशेहून अधिक मुद्दे मांडले, कौल स्थिर पृथ्वीच्या बाजूने दिला, आणि तरी चंद्राच्या नकाशात एका ठसठशीत विवराला कोपर्निकसचं नाव दिलं. आजही ते नाव तसंच आहे. पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याने जवळच्या ताऱ्यांची जागा सरकताना दिसायला हवी. ते सरकणं मोजायला १८३८ साल उजाडावं लागलं. अंगणातला पाद्री मागासलेला नव्हता. त्याच्याकडे पुरावा नव्हता. चूक रोमची, आणि ती मोठी: पुरावा यायच्या आत वचनाचा दाखला देऊन दार लावलं. त्या वादात ज्यांचा शब्द चालत होता त्या कार्डिनल बेलार्मिनोंनी स्वतः १६१५ साली लिहिलं होतं की खरा पुरावा मिळाला, तर वचनांचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल. ती वाट मोकळी ठेवली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

ऊन उतरलं. बाक उभं राहिलं, त्यावर बसून बघा, डुगडुगत नाही. मशिदीतून बांग येते, पलीकडे कुठे आरतीची झांज. पाद्रीबाबा तुम्हाला गूळ आणि पाणी देतात. मगाशी प्रश्न विचारताना तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत, आठवतं? ती सवय वसईची. वसईत, दमणात, गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य आहे आणि तिथे इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, माणसं कान देऊन असतात. सुरत मोगलांची. इथल्या पाद्रीला स्वतःच्या घराची खरेदीसुद्धा आपल्या नावावर करता येत नाही. त्याच्याकडे तुरुंग नाही, शिपाई नाही. म्हणून तुम्ही अर्धी दुपार त्याच्याशी वाद घातलात आणि वर गूळ खाऊन निघालात.

किनाऱ्याने दक्षिणेला उतरलात की थोड्याच दिवसांच्या वाटेवर दमण लागतं. सात वर्षांनी, १६७३ साली, तिथे देलों नावाचा एक तरुण फ्रेंच वैद्य पकडला जाईल. तो पाखंडी नाही, कॅथलिकच आहे. त्याचा गुन्हा असा की बाप्तिस्म्याच्या वादात त्याने योहानाच्या शुभवर्तमानातल्या वचनाचा आधार घेतला आणि मूर्तींना कसा मान द्यावा यावर ट्रेंटच्या धर्मसभेचं मत सांगितलं. आज दुपारी तुम्ही केलंत तेच: वचन समोर ठेवून अर्थ विचारला. त्याला गोव्याच्या कोठडीत टाकतील, जानेवारी १६७६ मध्ये मेणबत्ती हातात देऊन रस्त्यातून मिरवतील आणि पाच वर्षं लिस्बनमध्ये सक्तमजुरी सुनावतील. सुटल्यावर तो सगळं लिहून काढेल, ते पुस्तक १६८७ साली छापलं जाईल आणि युरोपभर वाचलं जाईल.

ओहोटी लागायच्या आत मचव्यावर चढा. श्रद्धा आणि विज्ञान यांचं वैर आहे का, असं आता कुणी विचारलं तर त्याला आधी या दोन गावांची नावं सांगा. सुरत आणि दमण या दोन्हीकडे ग्रंथ तोच होता, मिस्सा तोच होता, पाद्रीही त्याच चर्चचे. फरक होता तो हातात तुरुंगाची किल्ली असण्याचा.

शास्त्राचे लेखक निसर्गाविषयी डोळ्यांना दिसतं त्या भाषेत, त्यांच्या काळच्या बोलीत लिहितात, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९३ च्या आपल्या परिपत्रकात मान्य केलं, आणि आधार घेतला संत ऑगस्टिनचाच. गॅलिलिओने हाच मुद्दा हाच ऑगस्टिन पुढे करून १६१५ साली ग्रँड डचेस क्रिस्तिना यांना लिहिलेल्या पत्रात मांडला होता. मधे २७८ वर्षं गेली.